पाचवं अक्षर

नाना पेठेत माझ्या वडिलांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचो आणि अण्णा सांगतील तो खोका फळीवरून काढून द्यायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं, की खोक्यावरचं चित्र बघायचं नाही, नाव तर नाहीच नाही, नंबर बघायचा. एकाच नंबरचा माल दोन-तीन रंगांच्या खोक्यांतून यायचा, दोन-तीन भावांनी विकला जायचा. मला त्यात गंमत वाटायची. अण्णांना त्यात धंदा दिसायचा, आणि एकदा त्यांना त्याचा चटका बसला.

वाईकडचे एक ट्रकमालक आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांना चाकाचं बेअरिंग हवं होतं, तेही ठरावीक नावाचंच. ते दुकानात नव्हतं. त्याच कारखान्यात तयार होणारं, पण दुसऱ्या, स्वस्त नावानं विकलं जाणारं बेअरिंग होतं. अण्णांनी ते दिलं आणि बिलावर मात्र मागितलेलं नाव व मागितलेल्या मालाची किंमत लिहिली. दोनेक महिन्यांनी कुठल्याशा वेगळ्याच कामासाठी मिस्तरीनं हब उघडला आणि बेअरिंगवरचं नाव वाचलं. ट्रकमालक दुकानात आले. घडी केलेलं बिल त्यांनी काउंटरवर ठेवलं, म्हणाले, “शेठ, बेअरिंगची तक्रार नाही.” एवढंच. पुन्हा कधी आले नाहीत. त्या रात्री जेवताना अण्णा बराच वेळ गप्प होते. मग आपणहून म्हणाले, “माल खोटा नव्हता रे. बिल खोटं होतं.”

पुढे मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवू लागलो. एका वर्षी विद्यार्थ्यांना वॉरंटीचा कायदा समजावण्यासाठी उदाहरणं शोधताना अमेरिकेतल्या एका जुन्या खटल्याचा निकाल हाती लागला. वाचता वाचता मला ते घडी केलेलं बिल आठवत राहिलं. इथे हबमधल्या बेअरिंगच्या जागी मोटारीचं अख्खं इंजिन होतं आणि नाना पेठेतल्या दुकानाच्या जागी त्या काळची जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी. वाद मात्र तोच होता.

जनरल मोटर्स ही मुळात अनेक कंपन्यांची मोट. ओल्ड्समोबिल १८९७ साली लान्सिंगमध्ये सुरू झाली आणि १९०८ मध्ये जनरल मोटर्समध्ये आली. शेवरोलेट आली १९१८ मध्ये. १९२० च्या सुमारास अवस्था अशी होती की एकाच घरातली भावंडं एकमेकांचीच गिऱ्हाइकं पळवत होती. आल्फ्रेड स्लोन यांनी या गोंधळाला शिस्त लावली. १९२३ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांची कल्पना जिन्याची होती. तळाच्या पायरीवर शेवरोलेट, मग पॉन्टिअॅक, त्यावर ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि माथ्यावर कॅडिलॅक. तरुण कारकुनानं शेवरोलेट घ्यावी आणि बढती मिळेल तशी एकेक पायरी चढत जावी. पैसे कुठल्याही पायरीवर मोजले तरी ते घरातच राहणार.

जिना बांधणं सोपं नव्हतं, कारण प्रत्येक पायरी वेगळी दिसली पाहिजे आणि तरी परवडलीही पाहिजे. इथेच भागांच्या सामायिकीकरणाचा उगम आहे. १९२६ मध्ये पॉन्टिअॅक बाजारात आणताना तिच्यात शेवरोलेटचे बरेच भाग वापरायचे हे आधीच ठरलेलं होतं. स्लोन यांनी आपल्या आत्मकथनात हे मोकळेपणानं, किंबहुना अभिमानानं सांगितलं आहे. सांगाडे फिशर बॉडी या जनरल मोटर्सच्याच कंपनीकडून येत आणि वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या गाड्यांना थोड्याफार फरकानं बसत. छप्पर, दाराची चौकट, काचा, खिडकी वरखाली करायची यंत्रणा हे गिऱ्हाइकाच्या नजरेत न येणारं सगळं वाटून घेतलेलं असे. नजरेत येणारं, म्हणजे पुढची जाळी, दिवे, मागचे पंख, प्रत्येकाचं आपलं. थोडक्यात, १९७७ च्या अर्धशतक आधीपासून या भावंडांच्या अंगावर एकमेकांचे कपडे होते आणि त्याबद्दल कोणी न्यायालयात गेलं नव्हतं.

पण एक गोष्ट वाटली जात नव्हती. इंजिन. प्रत्येक विभागाचे आपले अभियंते, आपली ओतशाळा, आपलं इंजिन. सांगाडा सामायिक असल्यामुळे तर इंजिनाला जास्तच महत्त्व आलं. विभागाचा स्वाभिमान राहायला तीच एक जागा उरली होती. ओल्ड्समोबिलनं १९४९ मध्ये उच्च दाबाचं नवं व्ही-८ इंजिन आणलं आणि त्याला ‘रॉकेट’ असं नाव दिलं. ते ज्या गाडीत बसवलं त्या ‘रॉकेट ८८’ वर १९५१ मध्ये एक गाणं निघालं. रॉक अँड रोलच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये त्याची गणना करणारे अभ्यासक आहेत. इंजिनावर गाणं होणं हे भाग्य फार थोड्या लोखंडाच्या नशिबी येतं. त्यानंतर जवळजवळ तीन दशकं रॉकेट हा शब्द ओल्ड्समोबिलच्या जाहिरातींत मिरवत होता.

या स्वाभिमानाचा कळस कुठे झाला ते सांगतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास हसतात. सत्तरच्या दशकात जनरल मोटर्सचे चार विभाग ३५० घनइंच, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन विकत होते. आकडा एक, पण इंजिनं चार. शेवरोलेटच्या सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८. ओल्ड्समोबिलचा व्यास ४.०५७, स्ट्रोक ३.३८५. ब्युइकचा व्यास ३.८, स्ट्रोक ३.८५. पॉन्टिअॅकचं तर गणित केलं तर ३५४ घनइंच येतं, पण तेही ३५० म्हणूनच विकलं जाई. एकाचा पिस्टन दुसऱ्याला नाही, एकाचं गॅस्केट दुसऱ्याला नाही. एकाच घरात चार चुली आणि चारही चुलींवर तीच भाजी, अशी ही अवस्था.

पैसा मुबलक होता तोवर हे चाललं. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर प्रत्येक प्रकारच्या इंजिनाला धुराचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागू लागलं. त्यासाठी ५० हजार मैलांची टिकाऊपणाची चाचणी होती. १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला. १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला आणि त्याची सक्ती १९७८ च्या मॉडेलांपासून सुरू होणार होती. आता चार चुली म्हणजे चार प्रमाणपत्रं, चार चाचण्या, चार ठिकाणचे अभियंते. हिशेबनिसाच्या जागी मी असतो तर मीही तीन चुली विझवायला सांगितल्या असत्या.

त्यात ओल्ड्समोबिलचा बाजार तेजीत होता. १९७६ मध्ये तिची कटलस ही अमेरिकेत सर्वाधिक खपलेली गाडी ठरली. १९७७ मध्ये विभागानं दहा लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला. रॉकेट इंजिनं तेवढी तयार होईनात. शेजारच्या पायरीवर शेवरोलेटची ३५० घनइंची इंजिनं होती. अश्वशक्ती जवळजवळ तेवढीच. १९५५ पासून चालत आलेल्या आणि कसोटीला उतरलेल्या घराण्यातलं इंजिन. ती ओल्ड्समोबिलच्या डेल्टा ८८ मध्ये बसवली गेली. गिऱ्हाइकाला कोणी काही सांगितलं नाही.

शिकागोकडच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला सर्व्हिसिंगच्या वेळी ओल्ड्समोबिलचा फॅनबेल्ट आणि ऑइल फिल्टर बसेना. तिथे गोष्ट फुटली. खोक्यावर नाव बरोबर, गाडीवर नाव बरोबर, पण नंबर जुळेना. अण्णांना हे ऐकायला फार आवडलं असतं.

मला या प्रकरणातला सर्वांत चमत्कारिक भाग वाटतो तो असा, की कंपनीनं लपवलं म्हणावं तर सगळं लिहिलेलंही होतं. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या ओळख क्रमांकात पहिला आकडा विभागाचा आणि पाचवं अक्षर इंजिनाचं असे. १९७७ च्या डेल्टा ८८ मध्ये पाचवं अक्षर ‘आर’ असेल तर इंजिन ओल्ड्समोबिलचं, ‘एल’ असेल तर शेवरोलेटचं. ही पट्टी डॅशबोर्डवर, चालकासमोरच्या काचेतून बाहेरूनही वाचता येईल अशी लावलेली. म्हणजे सत्य गाडीच्या कपाळावर लिहिलेलं होतं. फक्त ती लिपी विकणाऱ्याला येत होती आणि विकत घेणाऱ्याला येत नव्हती.

इलिनॉय राज्याचे महाधिवक्ता विल्यम स्कॉट यांनी १९७७ मध्ये दावा लावला. पाठोपाठ इतर राज्यं आणि खासगी गिऱ्हाइकं आली. कंपनीचं म्हणणं असं, की भाग वाटून घेणं ही आमची जुनी आणि जगजाहीर पद्धत आहे आणि दोन्ही इंजिनं तोडीस तोड आहेत. दोन्ही विधानं खरी होती. डिसेंबर १९७७ मध्ये ४४ राज्यांच्या महाधिवक्त्यांशी तडजोड झाली. ओल्ड्समोबिलच्या ठरावीक गिऱ्हाइकांना प्रत्येकी २०० डॉलर आणि ३६ महिने किंवा ३६ हजार मैलांची यांत्रिक विमा-हमी. ब्युइक आणि पॉन्टिअॅकवाल्यांनाही शेवरोलेटची इंजिनं मिळाली होती, पण ते या तडजोडीच्या बाहेर राहिले. केंद्रीय न्यायालयानं तडजोड मंजूर केली. १९७९ मध्ये अपील न्यायालयानं ती मंजुरी रद्द केली, कारण वाटाघाटी नेमक्या कशा झाल्या हे तपासण्याची संधी आक्षेप घेणाऱ्यांना नाकारली गेली होती. मी वाचला तो हाच निकाल. त्यात यंत्रशास्त्र फारसं नाही. कोण कोणाशी कोणाच्या वतीनं बोललं, एवढ्याभोवतीच तो फिरतो.

वर्गात मी विचारायचो, की नुकसान काय झालं? गाडी धावते, इंजिन चांगलं आहे, सुटे भाग उलट जास्त सहज मिळतात. निम्मी मुलं म्हणायची, काहीच नाही. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, उलटं झालं असतं तर? शेवरोलेटमध्ये ओल्ड्समोबिलचं इंजिन निघालं असतं तर केस झाली असती का?” वर्ग हसला. मी त्या प्रश्नावर नंतर बरीच वर्षं विचार केला आहे.

उलटं झालेलं उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लावची स्कोडा ही कंपनी साम्यवादी राजवटीत मागे पडली. ब्रिटनमध्ये तर तिच्या गाड्यांवरचे विनोद हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार झाला होता. १९९१ मध्ये फोक्सवागननं तिच्यात भाग घेतला आणि पुढे ती पूर्ण ताब्यात घेतली. १९९६ मध्ये ऑक्टेव्हिया आली. ती ज्या पायावर उभी होती त्याच पायावर चौथी गोल्फ, पहिली ऑडी ए-३, ऑडी टीटी आणि नवी बीटल उभी होती. ऑक्टेव्हिया पुढे औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळू लागली. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) त्या वेळी ज्यांनी ती घेतली त्यांच्याशी बोलताना एक वाक्य पहिल्या पाच मिनिटांत यायचं, “इंजिन फोक्सवागनचं आहे.” हे कोणी तक्रार म्हणून सांगत नसे, ही बढाई होती. स्कोडा घेऊन आत दुसऱ्याचंच इंजिन निघालं म्हणून कोणी विक्रेत्याची कॉलर धरली नाही.

ऑडी ए-३ घेणारा मात्र आपली गाडी आणि ऑक्टेव्हिया यांचा पाया एक आहे हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत म्हणत नाही. पाचव्या वर्षातही म्हणत नाही.

म्हणजे सामायिक असण्याला स्वतःचा रंग नाही. जिन्यावरून तो भाग कोणत्या दिशेनं आला त्यावर रंग ठरतो. वरच्या पायरीवरून खाली आला तर तो वारसा, खालून वर गेला तर फसवणूक. आपल्याकडे मोठ्या भावाचे कपडे धाकट्यानं घालण्यात कमीपणा नसतो. धाकट्याचा सदरा मोठ्याला घालावा लागला तर मात्र घरात काहीतरी बिनसलंय असं शेजारी म्हणतात.

हे लक्षात घेतलं तर १९७७ च्या गिऱ्हाइकाचा राग मूर्खपणाचा वाटत नाही. त्यानं लोखंड विकत घेतलंच नव्हतं. त्यानं पायरी विकत घेतली होती, आणि ती पायरी पन्नास वर्षं जाहिराती करून कंपनीनंच बांधली होती. रॉकेट इंजिन वेगळं आहे, वरचं आहे, हे त्याला कंपनीनंच शिकवलं. मग ज्या दिवशी ते वेगळेपण काढून घेतलं त्या दिवशी सांगणं हेही तिचंच काम होतं. तोडीस तोड आहे हे उत्तर पुरत नाही. तोडीस तोड असेल तर जास्तीचे पैसे कशाचे?

चाकणला आज जे चालतं ते पाहिलं की हा फरक आणखी स्पष्ट होतो. फोक्सवागनचा तिथला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. पुढे व्हेंटो आणि तिची स्कोडा बहीण रॅपिड तिथेच तयार होऊ लागल्या. २०१९ मध्ये भारतातल्या कंपन्यांचं एकत्रीकरण झालं. २०२१ मध्ये स्कोडा कुशाक आणि फोक्सवागन टायगुन आल्या, त्यानंतर २०२२ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस. चौघींचा पाया एकच, भारतासाठी बदलून घेतलेला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर चौघींचं २६५१ मिलिमीटर. इंजिनंही तीच दोन, एक लिटरचं तीन सिलिंडरचं आणि दीड लिटरचं चार सिलिंडरचं. या पद्धतीत पुढचं चाक आणि पायाखालचं पेडल यांच्यातलं अंतर आणि इंजिन बसवण्याचा कोन पक्का ठरवून टाकतात, कारण सर्वांत महागडी रचना तेवढ्याच भागात असते. बाकीची लांबी, उंची, छप्पर, डिकी पाहिजे तशी ताणता येते. पत्रा, दिवे, जाळी, आतली सजावट वेगळी. हे सगळं पहिल्या दिवसापासून जाहीर होतं. मोटारींवर लिहिणाऱ्यांनी चौघींना शेजारी उभं करून तुलना केल्या, गिऱ्हाइकांनी त्या वाचल्या आणि ज्याला जो चेहरा आवडला त्यानं तो घेतला. इथे पाचवं अक्षर वाचायची गरजच उरली नाही.

तरीही माझं स्वतःचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर हा लेख फार शहाणपणाचा होईल. काही वर्षांपूर्वी मी गाडी घेतली, एका परदेशी समूहाच्या दोन भावंडांपैकी महागडी. (या लेखात ज्या कंपन्यांची नावं आली आहेत त्यांपैकी ती नव्हे.) दोघींचं इंजिन एकच आहे हे मला माहीत होतं. मी ते तेवीस वर्षं शिकवत होतो. दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या वेळी काउंटरवरच्या पोरानं केबिन फिल्टरचा खोका पुढे ठेवला. त्यावरचं लेबल एका कोपऱ्यात सुटलं होतं. नखानं उचललं तर खाली स्वस्त भावंडाचं लेबल, तोच नंबर, किंमत कमी. “सर, सेमच असतं ते,” पोरगा म्हणाला. मला ते त्याच्याहून जास्त माहीत होतं. आणि मला राग आला, कानशिलं तापण्याइतका. फरक होता तीनेकशे रुपयांचा. इंजिन सामायिक असल्याचं त्यांनी सांगितलं होतं आणि मी ते मान्य करून पैसे दिले होते. फिल्टरबद्दल सांगण्याऐवजी लेबल चिकटवलं होतं. मी बिल भरलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दारापर्यंत आल्यावर मला वाईचे ते ट्रकमालक आठवले. तक्रार काय लिहिणार होतो मी? फिल्टरची तक्रार नव्हतीच.

जनरल मोटर्सनं यातून जो धडा घेतला तो वकिलांनी लिहिलेला होता. खटल्यानंतर कंपनीच्या जाहिरातींखाली आणि माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत एक सूचना येऊ लागली, की या गाड्यांमधली इंजिनं जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या विभागांत तयार झालेली असतात. कायद्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला. पण ती सूचना म्हणजे एक परवानाही होता. एकदा सांगून टाकलं की मग काय वाटून घ्यायचं याला धरबंध राहिला नाही. नमुना आधीच होता. शेवरोलेट नोव्हाच्या भावंडांची नावं होती ओमेगा, व्हेंचुरा आणि अपोलो. नोव्हासकट चौघांची इंग्रजी आद्याक्षरं ओळीनं लावली तर पुन्हा ‘नोव्हा’ हेच नाव तयार होतं. ऐंशीच्या दशकात जाळी आणि दिवे यांच्यापलीकडे फरक शोधावा लागू लागला. १९८३ च्या ऑगस्टमध्ये ‘फॉर्च्यून’नं मुखपृष्ठावर शेवरोलेट, पॉन्टिअॅक, ओल्ड्समोबिल आणि ब्युइक यांच्या चार मध्यम गाड्या एकाच रंगात शेजारी उभ्या केल्या. चार गाड्या की एकाच गाडीची चार छायाचित्रं, हे पटकन कळत नव्हतं. माथ्यावरच्या कॅडिलॅकनंही शेवरोलेट कॅव्हेलियरच्या पायावर सिमारॉन नावाची गाडी काढली, आणि ती जवळजवळ दुप्पट किमतीला विकायचा प्रयत्न केला. जिना जागेवरच होता, पण सगळ्या पायऱ्या एकाच उंचीवर आल्या होत्या.

डिसेंबर २००० मध्ये जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबिल बंद करण्याची घोषणा केली. शेवटची गाडी, एक अलेरो, २९ एप्रिल २००४ रोजी लान्सिंगमध्ये जुळणी-रांगेवरून उतरली. ज्या गावात १८९७ साली कंपनी सुरू झाली तेच गाव. अलेरोमध्ये मिळणारं २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन शेवरोलेट कॅव्हेलियरमध्येही होतं, पॉन्टिअॅकमध्येही होतं. तोवर कोणाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. फॅनबेल्ट आणि ऑइल फिल्टर सगळ्यांचे सगळ्यांना बसत होते.